न लावलेला हात

जुलैतला सोमवार. दिल्लीतल्या एका सरकारी दवाखान्याची खोली. हजर तिघे: डॉक्टर, त्यांचा कंपाउंडर आणि मी.

"वा, मराठी! कुठले तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"लातूरकडचा."

"आडनाव?"

मी सांगितलं. माझ्या मनगटाकडे निघालेला त्यांचा हात वाटेतच वळला आणि पेनावर गेला.

माझा उजवा तळवा फुगला होता. ऑफिसातल्या जुन्या लाकडी रॅकची बारीक काडी आत मोडली होती. लाली मनगटाच्या वर चढत होती. मी हिशेबतपासनीस. लिहिणारा हाच हात. तो गेला तर घर कशावर चालणार?

त्यांनी पेनाचं टोक तळव्यावर हवेतच फिरवलं. "किरकोळ आहे. मिठाच्या पाण्यात शेका." मग कंपाउंडरकडे बघून हसले. "कोटे से आए हैं, छुट्टी भी कोटे से चाहिए."

चिठ्ठीवर लिहिलं: सूज थोडी. स्पर्शाला गरम नाही.

दिल्लीत दारावर मराठी नाव दिसलं की आपल्या माणसांना बरं वाटतं. मीही पंजाबी डॉक्टरीणबाईंची रांग सोडून इकडे आलो होतो. तिकडे माझ्या आडनावाला काही अर्थ नव्हता. त्या इमारतीत ते वाचता येणारा एकच माणूस होता. मी आपल्या पायांनी त्याच्यापाशी गेलो.

माल न बघता 'पाहिला' लिहिणं म्हणजे खोटी नोंद. नोकरीत मी हेच पकडतो.

"डॉक्टर, हात लावा. मग लिहा."

"मला दिसतंय हो."

"लाली दिसते. गरम दिसत नाही."

कंपाउंडर खिडकीबाहेर बघू लागला. डॉक्टर म्हणाले, "चलो, नेक्स्ट."

मी चिठ्ठी खिशात घातली आणि सोडलेल्या रांगेत पुन्हा शेवटी उभा राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी नाव विचारण्याआधी हात धरला. बोटांची मागची बाजू तळव्यावर टेकवली. "अरे भाईसाहब, ये तो भट्टी है." छोटा छेद देऊन त्यांनी काडी काढली. पू आला. मी सूज का येते ते विचारलं, तेव्हा हात चालवतच सांगत गेल्या. जखमेपाशी रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं, म्हणून जागा लाल आणि गरम. वाहिन्यांतून पाणी झिरपतं, जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, म्हणून फुगते. दुखतं, म्हणून माणूस ती जागा जपतो.

"सूजन दुश्मन नहीं है. पर काँटा अंदर रहे तो लड़ाई रुकती नहीं." वर चढलेल्या लालीवर त्यांनी बोट ठेवलं. "ये फैल रहा था. और रुकते तो भरती करना पड़ता."

बाहेर व्हरांड्यात मराठी डॉक्टर उभे होते. त्यांच्या कानावर गेलं असावं.

"अहो, जाऊ द्या यार. आपण आपली माणसं. रविवारी मंडळात या, पुरणपोळी आहे."

पोळी ताटात वाढतील की वरून टाकतील, एवढंच माझ्या मनात आलं.

"आधी चिठ्ठी दुरुस्त करा. 'हात लावला नाही' असं लिहा."

त्यांनी लिहिलं नाही. मी लिहिलं. डाव्या हाताने, वेडंवाकडं, तक्रार म्हणून, चिठ्ठी जोडून. उत्तर आलेलं नाही. मी स्मरणपत्रं पाठवतो आहे. पाठवत राहणार.

आणि आता कुठल्याही डॉक्टरसमोर मी उभ्यानेच आधी पूर्ण आडनाव सांगतो. मग मनगट पुढे करतो आणि समोरच्या हाताकडे बघत राहतो.

तो आला, तरच बसतो.