सीलमधली डहाळी

रंगमंचावर प्रवेश कसा घ्यावा हे मी नव्या नटांना तोंडाने समजावून सांगायचो, तेव्हा ओबदुलिया बोहोर्केस मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर त्या सगळ्यांना मेक्सिकोच्या सीमेवर, नोगालेसला, आमच्या ट्रकांच्या यार्डाच्या फाटकाशी आणून उभं केलं असतं आणि म्हटलं असतं, बोलू नका, नुसतं बघा. केस घट्ट बांधलेले, ओठांना लाली, कानात लोंबते डूल. ट्रकच्या पायरीवर पाय ठेवताना ती कुणाकडेही बघत नाही, आणि यार्डातला प्रत्येक माणूस हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघतो.

आमची तंबूतली नाटक कंपनी मोडल्यापासून मी या फाटकाशेजारी भाचीच्या खानावळीत बसतो. सगळे चालक इथेच बीन्स आणि गव्हाच्या तोर्तिया खातात, त्यामुळे सीमेवर घडलेलं मला आधी कळतं आणि सरकारला नंतर.

ओबदुलियाचं काम सांगायला सोपं आहे. आमच्याकडून भरलेला ट्रेलर घ्यायचा, टेकडीवरच्या चौकीतून पलीकडे अ‍ॅरिझोनात न्यायचा, गोदामाशी सोडायचा आणि रिकामा ट्रक घेऊन परत यायचं. पूर्वी सगळ्या ट्रकांची एकच रांग असे. दिवस दिवस उन्हात उभं राहून टोमॅटोचा रस्सा व्हायचा. मग ज्यांचा माल, ट्रक आणि चालक आधीच पारखून ठेवले आहेत त्यांच्यासाठी वेगळी लेन निघाली. शिपायांना आणि कुत्र्यांना चोरट्यांकडे नीट लक्ष देता यावं आणि सरळ माणसाचा माल सडू नये, असा त्यामागचा हिशेब. त्या लेनचं कार्ड आमच्या यार्डात सगळ्यात आधी ओबदुलियाला मिळालं. नवरा गेल्यावर त्याच कार्डावर तिने घर उभं केलं. ती ते पाकिटात ठेवत नाही, गळ्यात घालते.

मे महिन्यात द्राक्षांचा पहिला ट्रक निघतो तो सान इसिद्रोच्या सणाला. हा संत शेतकऱ्यांचा. पाद्रीबाबा यार्डात येतात, बँडवाले ट्युबा फुंकतात, पॅकिंगच्या बायका ट्रकच्या नाकावर लिंबाच्या पाल्याचा आणि फुलांचा हार चढवतात. ओबदुलिया दर वर्षी हात जोडून तो हार काढते आणि बायकांना परत देते. झाडाचा पाला सीमेपलीकडे चालत नाही, हे ती संतालाही समजावून सांगते. म्हणते, बाबा, तुझ्याकडे कुठे कार्ड आहे.

हार काढला की ती ट्रकला एक फेरी मारायची आणि मागच्या दाराचं सील हाताने ओढून बघायची. पोलादी खिळा दाराच्या कडीतून जातो आणि त्याच्या टोकावर टोपण बसतं. ते एकदा बसलं की कापल्याशिवाय निघत नाही. सील बसवायचं काम चेमोचं. चेमो भाविक, हळवा आणि जाडजूड. त्याच्या मुलीची धर्ममाता ओबदुलिया, म्हणून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे.

त्या वर्षी पाद्रीबाबांना उशीर झाला आणि तिने हार उतरवला तोच मूर्ती ट्रकच्या पुढून फाटकाकडे निघाली. संत समोरून चालला असताना त्याच्याकडे पाठ करून मागे जायचं नसतं. आमच्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. ओबदुलिया स्टिअरिंगवर बसली आणि ट्रक घेऊन मूर्तीमागोमाग फाटकाबाहेर पडली, आणि फेरी राहिली ती राहिली.

टेकडीच्या वळणावर मागच्या ट्रकवाल्याचा रेडिओ खरखरला. तो तोन्यो, तोंडाने फाटका आणि मनाने चांगला. त्याने विचारलं, ओबदुलियाबाई, तुमच्या ट्रकला पालवी फुटली काय, दाराच्या कडीतून हिरवं बाहेर डोकावतंय. तिने आधी त्याला गप्प बस म्हटलं. मग तिच्या लक्षात आलं. कडीत पाला असेल तर खिळा तिरका गेला असणार, आणि खिळा तिरका असेल तर टोपण बसलेलं नसणार. म्हणजे ओढलं की उघडणारं सील घेऊन ती विश्वासाच्या लेनमध्ये उभी होती. अशी दारं चोरटे करतात.

पुढे दोनच ट्रक होते, आणि त्या लेनमधून मागे फिरता येत नाही. तोन्यो म्हणाला की पटकन उतरतो, डहाळी उपटतो, कुणाला कळणार नाही.

"हात लावलास तर हात मोडून देईन," ती म्हणाली. "बस तिथेच."

खिडकीशी ऑफिसर बार्सेलो होत्या. पलीकडच्या, पण आजी आमच्याच गावची, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती आणि दयामायाही फारशी नव्हती. त्यांनी काही विचारायच्या आत ओबदुलियाने गळ्यातलं कार्ड काढून पुढे केलं.

"बाई, माझं सील बसलेलं नाही. आत लिंबाची डहाळी आहे. कुणी लावली माहीत नाही. ट्रक खाली करा."

आणि त्यांनी केला. सगळी खोकी उतरली, कुत्रा फिरला, रिकामा ट्रेलर क्ष-किरणांच्या कमानीखालून गेला. द्राक्षं उन्हात मऊ पडत होती आणि ती सावलीला न जाता त्यांच्याशेजारी उभी राहिली. आत काहीही सापडलं नाही. शेवटी बार्सेलोबाईंनी तिला बोलावून भिंगातून ती डहाळी दाखवली. कोवळ्या शेंड्यावर राईहून बारीक पिवळी अंडी होती. या किडीने बागाच्या बागा वाळतात, बाई म्हणाल्या, आणि ती उडत आली असती तरी एवढ्या लांब आली नसती. ओबदुलिया भिंगातून बराच वेळ बघत राहिली. नंतर खानावळीत मला म्हणाली की आजवर मी नियम आहे म्हणून पाला काढत होते, का आहे ते आज दिसलं.

कार्ड मात्र बाईंनी ठेवून घेतलं. चौकशी होईपर्यंत ती साध्या रांगेत. पुढचे आठवडे मी तिला त्या रांगेत बघत होतो. लाली तशीच, डूल तसेच. पोरं टोमणे मारायची की महाराणी पायउतार झाल्या. ती खिडकीतून सांगायची की महाराणी प्रजेची विचारपूस करायला आल्यात. पण एका फेरीत दिवस जात होता, आणि यार्डाच्या मालकाने स्पष्ट सांगितलं होतं की कार्ड परत आलं नाही तर त्या जलद लेनसाठी दुसरा चालक बघावा लागेल. चेमोला तर तो त्याच दिवशी काढायला निघाला होता. तिने ट्रकची चावी त्याच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, त्याला काढणार असाल तर ही आधी घ्या.

चौकशीला ती एकटीच जाणार होती. चेमो लग्नातली टोपी घालून चालत सीमा ओलांडून तिच्या आधी तिथे जाऊन बसला. बार्सेलोबाईंनी विचारलं की डहाळी कुणी लावली. ओबदुलिया म्हणाली, फाटकापासून खिडकीपर्यंत जे काही असेल ते माझं. चेमो उठून उभा राहिला.

"खोटं बोलतेय, बाई. मी लावली, संताच्या नावाची. बाहेर बांधलं की ही काढून टाकते. दर वर्षी काढते. म्हणून हिला दिसणार नाही अशा जागी खोचली."

"म्हणजे तुम्ही सरकारपासून लपवली नाहीत?" बाईंनी विचारलं. "हिच्यापासून लपवलीत?"

"सरकारचं मला काय भय? ही माझी कोमाद्रे आहे. एकटी गाडी हाकते. हिच्यापाठी कुणी नको का?"

हे मला ओबदुलियाने सांगितलं. मी आयुष्यभर विनोदी कामं केली, पण असं वाक्य मला एकाही नाटकात मिळालं नाही. बाई खाली बघत लिहीत राहिल्या. ओबदुलिया चेमोकडे बघेना, कारण बघितलं असतं तर रडू आलं असतं आणि लाली पुसली गेली असती.

निकाल आला. तिने स्वतःहून आधी सांगितलं होतं, म्हणून कार्ड परत मिळालं. यार्डाला ताकीद मिळाली. चेमोने यापुढे सीलला हात लावायचा नाही असं ठरलं. तो चार दिवस तोंड पाडून बसला. मग ओबदुलिया स्वतः सील बसवू लागली आणि तो शेजारी उभा राहून, ती कशी चुकीच्या हाताने बसवते ते सगळ्यांना ऐकवू लागला.

कार्ड मिळाल्यावर पहिल्याच फेरीला ती जलद लेनमध्ये शिरली तेव्हा साध्या रांगेतल्या ट्रकांनी एकदम भोंगे वाजवले. खिडकीशी बार्सेलोबाईच होत्या. त्यांनी कार्ड बघितलं, खुर्चीवरून उठल्या आणि मागे गेल्या. दोन्ही हातांनी सील धरून ओढलं. मग पाय रोवून पुन्हा ओढलं.

ओबदुलियाने आरशात डूल सारखे केले आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओढा, बाई," ती म्हणाली. "पोटभर ओढा. मला घाई नाही."