भंडाऱ्याचं ताट

भोकरदनकडच्या आमच्या गावात मी नागरिकशास्त्र शिकवायचो. मतदान गुप्त असतं, हे पोरांकडून घोकून घ्यायचो. निवडणुकीच्या आदल्या दिवशी एका उमेदवारानं सगळ्या गल्लीला खंडोबाच्या देवळात नेलं आणि मत त्यालाच देऊ, अशी शपथ म्हणून एकेकाला भंडारा उचलायला लावला. मीही निमूट उचलला. कसला डोंबलाचा मास्तर!

आईला खरं तर समोरचा उमेदवार बरा वाटायचा. घरी तिला म्हणालो, "आत कोण बघतंय? दे की त्याला."

"खंडोबा बघून राह्यला ना," ती म्हणाली.

आम्ही दोघांनीही शपथ पाळली. निवडून आल्यावर महिन्याभरात तो समोरच्याच पक्षात गेला.

आईनं विचारलं, "मंग त्यानं भंडारा उचलला न्हवता का?"

नाही. तो फक्त ताट धरून उभा होता.