तिसरा ठोका

कचेरीतल्या साहेबांच्या निरोप समारंभात मी त्यांना ‘इनडिस्पेन्सेबल’ म्हणणार होतो. ‘तुमच्यावाचून आमचं अडतं’ असं सरळ म्हणालो असतो, तर मी कसला! उमरेडहून नागपूरला येताना एसटीत मोबाइलमधली बाई तो शब्द म्हणायची आणि तिच्यामागून मी. दर वेळी माझी जीभ मधेच आडवी पडायची.

शेजारी मांडीवर डफडं घेऊन एक म्हातारा डोळे मिटून बसला होता. बोटं मात्र हलत होती. शेवटी तो म्हणाला, "पाच ठोके हायत, भाऊ. ते बाई तिसऱ्यावर जोर देऊन राहिली. तुमी सगळ्यावरच काहून देता? अशानं नाचनारा थकते नं!"

"इंग्रजी येतं तुम्हाला?"

"छे! मले वाजवता येते."

मग उतरेपर्यंत तो हलकेच वाजवत राहिला आणि मी म्हणत राहिलो, इन, डिस, पेन, से, बल.

समारंभात टेबलावर बोट वाजवत मी तो शब्द बिनचूक म्हटला. टाळ्या पडल्या. त्या आनंदात साहेबांचं नावच आठवेना. डफडेवाल्याचं तर मी विचारलंही नव्हतं.