मामूची सही आणि रोमचा जहाजवाला

अन्याय माझ्या मामूवर झाला. गेल्या रमजानच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, कुवेतच्या शुऐबा बंदरात. तांदळाची पोती भिजलेली निघाली, आणि व्यापाऱ्याने तोंड उघडायच्या आत जहाजाच्या ऑफिसने मामूला पुढे केलं.

मामू त्या लहान मालवाहू जहाजावर तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम. माल ठेवतात त्या खणाच्या झाकणाचं रबर कुजलंय, हे त्याने ऑफिसला दोनदा कळवलं होतं. पण पोती चढवताना पावतीवर सही त्याची होती आणि सहीखाली मराठीत दोन शब्द: ‘माझ्या जबाबदारीवर’.

हे फक्त आमचाच माणूस करू जाणे. रायगडच्या किनाऱ्यावर आखाताला निघालेल्याच्या हातात कुणी लोणच्याची बरणी दिली, तर घेणाऱ्याने ‘माझ्या जबाबदारीवर’ म्हणायचंच. नाही म्हटलं तर देणाऱ्याला वाटतं, याच्या मनात काळंबेरं आहे. मामूने तेच सवयीने जहाजाच्या कागदावर लिहून टाकलं.

ऑफिस म्हणालं, चौकशी संपेपर्यंत देश सोडायची परवानगी नाही. मालकाच्या मंजुरीशिवाय इथला कामगार विमानात बसू शकत नाही. आणि ईदच्या तिसऱ्या दिवशी त्याच्या धाकटीचा निकाह. थोरलीचा त्याने फोनवर पाहिला होता.

मी फहाहीलच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते, सुट्टीत कामगारांसाठी पत्रकं लिहिते आणि घरबसल्या कायदा शिकते. जहाजी कायद्याच्या पुस्तकात सुरुवातीलाच प्राचीन रोम आहे. परीक्षेला ते मी गाळलं होतं. आता वाचलं. माल घेतलास ना, मग जसा घेतलास तसा सुखरूप परत दे, असं रोमचा न्यायाधिकारी जहाजवाल्याला बजावायचा. चूक कुणाची, हा प्रश्नच नाही. जहाज फुटलं किंवा चाचे आले तरच सुटका. मला स्फुरण चढलं. पान छापून घेतलं आणि कंपनीच्या मिरकाबमधल्या ऑफिसात मंदूबपुढे आपटलं. मंदूब म्हणजे कंपनीचे सरकारदरबारी कागद फिरवणारा माणूस. हा आमच्याच रायगडचा, पन्नाशीचा.

त्याने शांतपणे वाचलं. “म्हणजे ज्यानं माल घेतला, त्यानं भरायचं. घेतला कुणी? तुझ्या मामूनं. शाबास! आम्ही त्याला अर्धा अडकवला होता, तू पुरता अडकवलास.”

बसमध्ये कान तापले होते. घरी येऊन पुढचं पान वाचलं. जहाजाचा धंदा जो चालवतो आणि त्याची कमाई ज्याच्याकडे जाते, तोच जहाजवाला, असं तिथे स्पष्ट होतं. वल्हं मारणारे, शिडं ओढणारे त्यात धरायचे नाहीत. मालकाने नेमलेला माणूस जहाजाच्या कामात जो शब्द देईल, तो मालकाच्या अंगावर. रोमवाले काही संत नव्हते, जहाजांवर गुलाम राबवत होते. पण नफा ज्याच्या घरी जातो त्याच्याच दारात नुकसानही जावं, एवढं त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मंदूब म्हणाला, “परत आलीस?”

“काल पान उलटायचं राहिलं होतं.”

वाचून त्याने मान हलवली. “रोमचा कायदा कुवेतात चालत नाय गो.”

“ठाऊक आहे. लाज चालते का? ते दोन शब्द अरबीत कुणी केले?”

“मीच. शब्दाला शब्द.”

“तुमची आई गावाहून सुकी मासळी पाठवते. आणणारा काय म्हणतो?”

त्याने पान टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाला, “माझ्या जबाबदारीवर.”

“पिशवी भिजली असती तर त्याला इथे डांबून ठेवला असतात?”

त्याला हसू आवरेना. दोन्ही पानं उचलून तो मालकाच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने मलाही आत बोलावलं. मालक म्हातारे होते. त्यांनी हिंदीत एकच विचारलं, “रबर का बताया था?”

मामूच्या दोन्ही निरोपांचे फोटो मी फोनवर दाखवले. ऑफिसने दोन्ही वाचल्याची खूणही होती.

मालक मंदूबकडे वळले. “मेरे दादा जहाज चलाते थे. खलासी पे कभी नहीं डाला.” तिथेच फोनवर मंजुरी दिली. व्यापाऱ्याशी ऑफिसच बोलेल, असंही बजावलं.

भांडायला गेले होते, आणि भांडायला कुणी उरलंच नाही. इतकं हलकं मला कुवेतात कधी वाटलं नव्हतं. खाली रस्त्यावरूनच मामूला फोन लावला. त्याने दोनदा ‘खरंच?’ विचारलं. मग म्हणाला, “मंदूबसाठी गावाहून काय आणू?”

“मामू, काही आणू नकोस! कुणाचंच!”

निकाहाच्या फोटोत तो नवऱ्या मुलाहून जास्त हसतोय.

तुमच्या घरचं कुणी जहाजावर असेल, तर हे वाचून नुसतं हळहळू नका. आज त्याला फोन लावा. महिन्याभरात कशाकशावर सह्या केल्या, त्या प्रत्येक कागदाचा फोटो मागवा आणि नीट वाचा. ज्या कागदावर मालकाचं नाव नसेल, तो उद्या ऑफिसात नेऊन त्याला ‘मालकाच्या वतीने’ असं नावासह लिहून घ्यायला लावा. उद्याच.