बत्तीस वेळा मेलेल्या विहीणबाई

दोन हजार एकोणीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर माझ्या विहीणबाईंना मी बत्तीस वेळा मरताना पाहिलं होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंतच, लिहिण्यात काना-मात्रा चुकेल, पण या मोजणीत चूक निघणार नाही. त्या क्षयानं मेल्या, विषानं मेल्या, साप चावून मेल्या, पोरानं घराबाहेर काढलं म्हणून ओट्यावर मेल्या, आणि एकदा तर परागंदा झालेला पोरगा परत आला त्या आनंदात मेल्या. अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात इतकं चांगलं मरणारं माणूस दुसरं झालं नाही आणि होणारही नाही. कोणाला पटत नसेल तर त्यानं माझ्याशी येऊन वाद घालावा, मला वेळ आहे.

दिवाळी झाली, कापूस घरात यायला लागला की आमच्या भागात नाटक कंपन्या फिरतात. नाटक कोणतंही असो, त्यात एक नायिका असते, एक खलनायक असतो, एक विनोदी जोडी असते आणि एक माय असते. ती माय म्हणजे आमच्या विहीणबाई. एकोणीस वर्षांच्या असताना कंपनीतली म्हातारी नटी तापानं पडली म्हणून एका दिवसापुरतं यांना पांढरे केस लावून उभं केलं, आणि ते केस पुढं पन्नास वर्षं उतरलेच नाहीत. पहिल्या नाटकात यांचा पोरगा झालेला नट यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा होता. त्याचे दात पडले, तो घरी बसला, त्याच्या जागी दुसरा पोरगा आला, मग तिसरा आला. माय तीच. नायिकेचं काम काहून मागितलं नाही म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "नायिकेले चार सालात घरी बसवतात जी. मायले कोण बसवणार?" जाहिरातीच्या कागदावर नायिकेचा फोटो परातीएवढा असायचा. यांचं नाव खाली, छापखान्याच्या नावाच्या जरा वर.

माझी लेक यांच्या घरी दिली तेव्हा यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मध्यस्थानं सांगितलं होतं की विहीणबाई 'भजनात असतात'. लग्न झालं, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या मुकुटबनला नाटक आलं. मी आपला फेटा बांधून पुढच्या रांगेत बसलो. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला तर फाटक्या लुगड्यात खोकत बसलेली माझी विहीण! तेवढ्यात तो मिशीवाला खलनायक आला आणि त्यानं तिला लाथ उगारली. मी ताडकन उठलो. म्हटलं, "ए! माह्या इहिनीले हात लावशील तर तंगडं तोडीन!" सारा मंडप हसला. विहीणबाई जमिनीवर निपचित पडल्या होत्या, तशाच, ओठ न हलवता मला म्हणाल्या, "बसा जी इवाई, सीन चालू आहे." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मी बसलो. मग त्या अशा काही मेल्या की मागून लोक 'वन्स मोर' ओरडायला लागले. विहीणबाई उठल्या, पदर नीट केला, आणि पुन्हा पहिल्यापासून मेल्या. त्यानंतर सहा महिने मी त्यांच्या घरचं पाणी प्यायलो नाही. पुढच्या हंगामात मात्र कोणाला न सांगता मफलर बांधून नाटकाला जायला लागलो. बत्तीसचा आकडा तिथून सुरू होतो.

घरात त्यांचा पाय एका जागी ठरत नसे. स्टेजवर जी बाई दोन-दोन प्रवेश अंथरुणाला खिळून असायची, ती केळापूरच्या घरी पाटावर बसून जेवलेली मी पाहिली नाही. ताटली हातात, एक घास चुलीपाशी, दुसरा अंगणात, तिसरा रस्त्यावर कोण चाललं ते बघत. एसटीत बसल्या तर पांढरकवड्यापासून घाटंजीपर्यंत तीन जागा बदलणार. एखादी म्हातारी वेगळ्याच तऱ्हेनं कंबर धरून चाललेली दिसली की यांची गाडी चुकलीच समजा. बाई तिच्या मागं मागं तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जाणार आणि घरी येताना ती कंबर घेऊन येणार. आठ दिवस मग घरात तीच चाल. पिठलं ढवळताना संवाद पाठ करायच्या. एकदा "अरे माझ्या लेकरा, कुठं गेलास रे!" असा टाहो फोडला तर शेजारच्या चार बाया पदर खोचून धावत आल्या, आणि माझा जावई ओसरीवर जिवंत बसून भाकर खात होता. आमचे व्याही शेती पाहायचे, बोलायचे कमी. त्या घरात बोलायला जागा शिल्लकच नसायची.

आता त्या सालची गोष्ट. आमची नात स्नेहल, म्हणजे माझ्या लेकीची आणि त्यांच्या लेकाची पोरगी, लग्नाला आली होती. आधीच्या पाहुण्यांना पोरगी पसंत पडली होती, पण आजी नाटकात असते हे कळलं आणि ते परत फिरकले नाहीत. दुसरं स्थळ राळेगावचं आलं. कापसाची शेती, मुलगा शिकलेला, आणि या वेळी पोरीच्या मनातही तो भरला होता. हेही स्थळ गेलं तर पोरगी खचली असती. म्हणून मी केळापूरला जाऊन घरात सगळ्यांसमोर सांगितलं, "नाटकाचं नाव कोणी काढाचं नाही. विहीणबाई, त्या दिवशी तुम्ही फक्त आजी."

लेक माझ्याकडे रागानं पाहायला लागली. विहीणबाईंना मात्र वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "म्हणजे रोल आहे होय? मंग नीट सांगा. आजी दमेकरी का सांधेदुखीची? सुनेले धाकात ठेवणारी का सुनेले भेणारी?"

"साधी आजी!" मी म्हणालो.

"साधी सगळ्यात कठीण असते जी," त्या म्हणाल्या, आणि आठवडाभर तालीम केली.

पाहुणे रविवारी दुपारी आले. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. विहीणबाई आतून भिंत धरत आल्या. पाठीला बाक, हातात माळ, मधूनच बारीक खोकला. इतकी म्हातारी आजी मी जन्मात पाहिली नव्हती. मी डोळ्यांनी खुणावलं, जरा कमी करा. पोहे झाले, चहा आला. मुलाच्या वडिलांनी स्नेहलला विचारलं, "सासरी आल्यावर काय काय कराचं ठरवलं आहे, बाई?" प्रश्न साधाच होता, पण पोरगी गडबडली. मान खाली, तोंडातून शब्द नाही. कोणीच बोलेना. माझ्या पायाचा अंगठा आपोआप फरशी उकरायला लागला.

आता पन्नास वर्षं स्टेजवर काढलेलं माणूस. समोरचा वाक्य विसरला की ती जागा भरून काढायची सवय रक्तात भिनलेली. शांतता सहन झाली नाही आणि बाईंनी हात नातीच्या डोक्यावर ठेवला. "हा दिवा तेलावर जळत नाही, पोरी," आमच्या गावच्या बोलीत नाही, नाटकातल्या त्या शुद्ध भाषेत त्या म्हणाल्या, "हा तुझ्या वाटेकडे बघून जळतो आहे..."

मुलाच्या आईनं चहाचा कप खाली ठेवला. तिचे ओठ हलायला लागले, आणि पुढचं वाक्य ती बोलली. "तू आलीस, की तो सुखानं विझेल!"

ती बाई पुढं सरकली. "तुम्हीच! तुम्हीच थ्या नाटकातल्या माय होय ना जी? आवाज थोच आहे!"

"कोण माय, बाई?" विहीणबाईंनी कानाला हात लावला. "मले कमी आयकू येते." आणि खोकल्या.

"नाही कशा? माह्या लग्नाले दोन सालं झालते. मी अन् माही सासू तोंडाले तोंड देत नव्हतो. एका चुलीवर दोन भांडी शिजत होती. सुनेची वाट पाहत झालेलं थ्या मायचं मरण पाह्यलं अन् रात्रभर रडली मी. सकाळी उठून सासूच्या हातात चहा देला. थ्या दिवसापासून बोलायले लागली मी तिच्याशी. तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत सांगत होती मी तिले थे नाटक."

विहीणबाईंच्या हातातली माळ थांबली. मुलाच्या आईकडे त्या पाहत होत्या. मग हळूच माझ्याकडे पाहिलं. मुलाचे वडीलही माझ्याचकडे वळले. "काय जी आबाजी, या नाटकात होत्या काय?" त्यांच्या बोलण्यात राग आहे की कौतुक, ते समजेना. स्नेहल रडायच्या बेतात आली होती. मी साऱ्या घराला ताकीद दिलेली. आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द मी मागं घेत नाही, हे सारा तालुका जाणतो.

मी म्हणालो, "नाही जी. या भजनात असतात."

"मंग माहीच चूक झाली," मुलाची आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "थे माय आता कुठं असन, कोण जाणे."

पोरगी पसंत पडली. फोनवर तारीख कळवतो म्हणून पाहुणे हसत गेले. सगळे आनंदात. जावई पेढे आणायला धावला. विहीणबाई मात्र खुर्चीवर बसल्या होत्या. बाक गेला होता, खोकला गेला होता, पण त्या उठल्या नाहीत. लेकीनं चहा दिला, तो खुर्चीतच घेतला. गाईला पाणी दाखवायचं होतं, ते लेकीनंच दाखवलं. दिवेलागण झाली तरी त्या तिथंच. त्या बाईला एका जागी इतका वेळ बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मी उगाच चार वेळा आतबाहेर केलं.

"कसा झाला जी माहा रोल?" त्यांनी विचारलं.

"चांगला झाला," मी म्हणालो.

"हं." मग म्हणाल्या, "लोक टाळ्या वाजवतात, रडतात, अन् घरी जातात. घरी जाऊन काय करतात, थे पन्नास सालात कोणी सांगलं नव्हतं मले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मले तिले एकच विचाराचं होतं इवाई. कोण्या गावाले पाह्यलं होतं तिनं? किती गावं केली मी. कोण्या गावात माहं मरण इतकं चांगलं झालं, थे मलेच माहीत नाही."

स्नेहल दारात उभी राहून हे ऐकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात कोणी उठायच्या आत, मी पांढरकवड्याच्या स्टँडवर जाऊन राळेगावची पहिली एसटी धरली. दोन ठिकाणी विचारत त्यांचं घर गाठलं. दार मुलाच्या आईनंच उघडलं आणि "या ना जी आबाजी, बसा" म्हणाली. मी आत गेलो नाही. डोक्यावरची टोपी काढली आणि उंबऱ्याबाहेरूनच बोललो, "काल मी खोटं बोललो. थे माय आमच्याच घरची होय. आता सोयरीक कराची का नाही, थे तुम्ही ठरवा. पण थे नाटक तुम्ही कोण्या गावाले पाह्यलं होतं, एवढं सांगून द्या बाई. घरी वाट पाहून राह्यली ती."