कड्यावर टांगलेली बाज

साहेबानं चिरूट पेटवला तेव्हा बाज कड्याच्या मधोमध, आग्या मोहोळाच्या बरोबर समोर लोंबकळत होती. बाजेवर दोन माणसं. लोडाला टेकून हैदराबादचा साहेब, आणि पायथ्याशी अंग चोरून माझा नवरा. खाली नुसती दरी. वर आमचे दोन बैल नाड्याला जुंपलेले, आणि ते जागचे हलत नव्हते.

माझ्या नवऱ्यानं साहेबाला तीनदा सांगितलं होतं, की मोहोळापाशी बोलायचं न्हाई, धूर तर मुळीच करायचा न्हाई. साहेब म्हणाला, "कुछ नै होता. अफ्रिका में शेर देखे हैं मैंने." वाघ-सिंह पाहिलेल्या माणसाला माशी ती काय! त्यानं काडी ओढली. पहिली माशी त्याच्या कानावर बसली, आणि मग मोजायला कुणाला सवड राहिली नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमचं गाव धारूरच्या अलीकडं, बालाघाटाच्या कडेला. मला लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. हा साहेब कुठला तरी जहागीरदार, विलायतेत शिकलेला. धारूरचा किल्ला पाहायला आला, आणि अर्ध्या दिवसात कंटाळला. किल्ले म्हणे त्यानं पुष्कळ पाहिले होते. त्याला असं काही हवं होतं, जे कुणीच पाहिलेलं नाही. असं हवं असणारी माणसं मी नंतरही पाहिली. बहुतेकांच्या हाताला घट्टे नसतात.

चावडीवर बसून त्यानं आपलं जग सांगितलं. मी भिंतीआड शेणाची पाटी घेऊन उभी होते, सगळं ऐकलं. आग ओकणारा डोंगर त्यानं पाहिला होता, तोंडाशी जाऊन आत वाकला होता. बर्फाच्या मुलखात कुत्री जुंपलेल्या गाडीतून तो आठ दिवस हिंडला होता. कुठल्याशा देशात नदी डोंगरावरून खाली पडते, तिथं होडी घेऊन तो मुद्दाम खालच्या भोवऱ्यात शिरला होता. मी पंतोजींकडं चार बुकं शिकलेली, जग गोल आहे एवढं मला ठाऊक होतं. माझ्या नवऱ्याला तेही ठाऊक नव्हतं, पण विचारलं त्यानंच.

"साहेब, त्या बर्फात पिकतं काय?"

"कुछ नहीं."

"आन त्या आगीच्या डोंगरावर?"

"वहाँ तो राख है."

"मग गेलता कावून?"

साहेब हसला. "देखने."

पाटलानं नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं आणि लगेच आपल्याकडचं काढलं. कड्यात नऊ परस, म्हणजे नऊ माणसं एकावर एक उभी राहतील एवढं, खाली एक कपार आहे, तिथं आजवर कुणी गेलेलं नाही. साहेबाचे डोळे चमकले. कुणी गेलं नव्हतं हे खरं, कारण तिथं कुणाचं काही हरवलं नव्हतं. आत गिधाडांची घरटी आणि त्यांची घाण. वारा फिरला की वास गावापर्यंत यायचा.

आता उतरायचं कसं? इथं माझ्या नवऱ्याची हुशारी जागी झाली. तो पंचक्रोशीत मोट हाकण्यात नावाजलेला. त्यानं विहिरीवरचं मोटेचं चाक काढलं, कड्याच्या तोंडाशी बाभळीच्या दोन दांड्यांवर बसवलं. आमच्या नाड्याला शेजारच्या मोटेचा नाडा जोडून लांब केला. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर. मोटेच्या जागी बाज टांगली, आमचीच, लग्नातली. बैल मागं मागं येतील तशी बाज खाली जाईल, पुढं जातील तशी वर येईल. विहिरीवर रोज हेच चालतं. त्यानं हे सांगितलं तेव्हा गाव मान डोलवत होतं, आणि खरं सांगायचं तर मीही डोलवली.

साहेब म्हणाला, सोबत भरवशाचा माणूस पाहिजे. पाटील म्हणाला, "चाक तुजं, नाडा तुजा, बाज तुजी. खाली बी तूच जा."

"मग बैल कोण धरील?"

"बैलाला काय, कुणी बी धरील."

झालं. धाकट्या दिराच्या हातात कासरा दिला. कड्यावर दीडशे माणूस जमलं होतं, सगळे शेतकरी, जन्मभर बैलांत वावरलेले. एकाच्याही डोक्यात आलं नाही, की हे बैल कुणाचं ऐकतात.

आमची विहीर सहा परस खोल. बैल सात वर्षं तेवढीच पावलं मागं येत, काठाशी थांबत, मोट भरायची वाट पाहत आणि मग नवऱ्याचं गाणं ऐकून पुढं जात. तसेच ते कड्यावरही आले. मोजून सहा परस मागं, आणि उभे. त्यांच्या हिशेबानं मोट पाण्यात टेकली होती. कपार अजून तीन परस खाली होती, आणि सहा परसांवर होतं मोहोळ.

दिरानं चाबूक ओढला. बैलांनी माना टाकल्या, पाय रोवले, खाली बाज झोके घेऊ लागली. तेवढ्यात साहेबाची किंकाळी आली. ती कुठल्या भाषेतली होती सांगता येणार नाही.

"बैल सोडा! हातानं ओढा!" एक म्हातारा ओरडला.

"सोडले तर बाज खाली जाईल की, येड्या!" दुसरा ओरडला.

पाटील काठावर पालथा पडून खाली ओरडला, "आरं, गा की! तुजं गाणं गा, बैल वढतील!"

नवऱ्यानं धोतराचा सोगा डोक्यावरून घेतला होता. तो उघडून तो म्हणाला, "त्वांड उघडलं तर माशी आत..." एवढंच. माशी आत गेली. त्यापुढं त्याच्याकडून शब्द आला नाही, नुसतं गुरगुरणं आलं.

साहेब मेला असता तर पाटील हैदराबादेला काय तोंड दाखवणार, याची गावाला काळजी होती. माझी काळजी बाजेच्या पायथ्याशी होती. तोच माणूस गेला असता तर मला परत घेणारं माहेरी कुणी उरलं नव्हतं.

ते गाणं मला पाठ होतं. दोनच ओळींचं, त्यानं स्वतः रचलेलं. एकदा भाकरी घेऊन विहिरीवर गेले तेव्हा मी ते चोरून ऐकलं होतं, आणि त्याच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. पहिली ओळ बैलांना सावध करण्याची, दुसरी ओढण्याची. आता ती भर गावापुढं, पाटलापुढं, सासरच्या सगळ्या बायांपुढं म्हणायची होती. मी दिराच्या हातातून कासरा ओढून घेतला.

"वैनी, बाईनं मोट हाकायची न्हाई," दीर म्हणाला.

"ही मोट न्हाई, माजा नवरा हाय. सरक."

आणि मी म्हटलं, जेवढ्या मोठ्यानं म्हणता येईल तेवढ्या मोठ्यानं:

"कारभारणीनं भाकर करपवली गाऽ,
तांबड्या राजा, चल आता उपाशीच चल!"

जोडीतला दुसरा बैल बांड्या, त्यानं कान हलवले. तांबड्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रोज कडबा टाकणारी बाई आज गाते कशी, असं त्याला वाटलं असेल. मागं एक बाई फिस्सकन हसली. ती कोण ते मला माहीत आहे, आणि ते मी विसरलेली नाही. मी पुन्हा म्हटलं. बैलांनी पाऊल उचललं.

तोवर माशा वर आल्या. दीडशे माणसांचं गाव डोळ्यांदेखत नाहीसं झालं. पाटील सगळ्यांत पुढं होता, त्याचा एक जोडा मला नंतर निवडुंगात सापडला. माशा बैलांवर बसल्या, माझ्या केसांत शिरल्या. पळता येत नव्हतं. बैल उधळले असते तर बाज चाकावर आपटून दोघंही दरीत गेले असते. बैलांनी रोजच्याच चालीनं चालायला हवं होतं, म्हणून मलाही रोजच्याच चालीत गायला हवं होतं. भाकर करपवली, भाकर करपवली. माझी भाकरी कधी करपत नाही, एकदा करपली होती, ती पहिल्या वर्षी. माशी ओठाला डसली तरी मी ओळ तोडली नाही. सात वेळा म्हटली असेल.

बैलांनी सहा परस ओढलं आणि थांबले, रोज मोट वर आली की थांबतात तसे. बाज चाकाशी होती. दीर तेवढा पळाला नव्हता. अक्कल बेताची, पण पळाला नव्हता. त्यानं बाजेचा पाय धरून ती आत ओढली, दोघांना जमिनीवर लोटलं आणि वर घोंगडी टाकली. मग मी बैल सोडले. त्यानंतर लोकांनी कडब्याच्या पेंढ्या पेटवून आणल्या. गरज संपल्यावर गाव नेहमीच धाडसी होतं.

साहेबाचं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं, डोळे दिसत नव्हते. नवऱ्याची जीभ चार दिवस तोंडात मावत नव्हती. तेवढे दिवस घर शांत होतं. साहेब दुसऱ्या दिवशी छकड्यात आडवा पडून गेला. जाताना सुजलेल्या ओठांतून पाटलाला म्हणाला, की असा तजुर्बा त्याला जगात कुठं आला नव्हता. कपारीत काय होतं, ते मात्र त्यानं शेवटपर्यंत पाहिलं नाही. गिधाडांची घाण होती, ते मी त्याला फुकटात सांगितलं असतं.

हल्ली शहरातली पोरं पाठीला दोर बांधून आमच्या कड्यावर येतात. कपारीत काय आहे विचारतात. मी सांगते. तरी उतरतात.

जीभ बरी झाल्यावर नवरा पहिलं वाक्य बोलला ते असं: "गाणं लई बेसूर म्हणलीस." मी त्याला त्या दिवशी मुद्दाम करपलेली भाकरी वाढली, आणि त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.

साहेब वाचला, माझा नवरा वाचला, मी वाचले, दीर वाचला, बांड्या वाचला. तांबड्या तिसऱ्या दिवशी मेला.