गुरुवारचा टेम्पो

माहेरी तिला 'मध्यंतर' म्हणत. नाव थोरल्या भावाने ठेवलं होतं आणि त्याला कारणही तसंच होतं. लहानपणी ती गाणं शिकायला गेली. सारेगम झालं, पधनिसा राहिलं. टायपिंग अर्धं, ड्रायव्हिंग अर्धं, आणि दादासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरला एकच बाही. दादा तो स्वेटर पाहुण्यांसमोर मुद्दाम घालायचा, एक हात झाकलेला, एक उघडा, आणि म्हणायचा, "आमच्या बहिणीचा सिनेमा मध्यंतरापर्यंतच असतो." सगळे हसत, तीही हसे. हसून झालं की तो स्वेटर उसवून टाकावासा वाटायचा. पण तक्रार कोणाकडे करणार? तो खोटं थोडंच बोलत होता!

आता वय पन्नाशीला टेकलं होतं आणि ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, घडी, पुन्हा घडी, की पुढची चादर हजर. दिवसभर उभं राहून पाय दगडासारखे घट्ट झालेले. घड्या घालणारी तिची जोडीदारीण एकदा सहज म्हणाली, "तुझे पाय बघून वाटतं, तू पळत असशील." कौतुकाला कोण भुकेलं नसतं? हिने लगेच बूट आणले.

आणि मग गेल्या वर्षी व्हायचं तेच झालं. शहरातली दहा किलोमीटरची शर्यत होती. दादा, वहिनी, त्यांची मुलं, सगळे नटूनथटून शेवटच्या रेषेपाशी उभे. ही सुरुवातीला अशी सुसाट सुटली की जणू मागे कुत्रं लागलंय, आणि अर्ध्या वाटेत एका बाकावर बसली ती बसलीच. तिथून रिक्षा केली ती थेट घरी. तिकडे रेषेपाशी मंडळी वाट बघत राहिली, कामगारांनी फलक गुंडाळून नेले तरी उभी होती. संध्याकाळी दादा घरी आला, चहा प्यायला, आणि काहीच बोलला नाही. टोमणा नाही, थट्टा नाही. आयुष्यभराच्या थट्टेपेक्षा ते गप्प बसणं तिला जास्त लागलं. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली.

म्हणून या वर्षी तिने ठरवलं होतं: तीच शर्यत, पूर्ण, आणि तीही तासाच्या आत. नुसतं पोचून भागणार नव्हतं. रडतखडत पोचलं असतं तर दादा म्हणाला असता, "पोचलीस खरी, पण..." तो 'पण' तिला नको होता. हे तिने फक्त नवऱ्याला सांगितलं. नवरा फर्निचरच्या दुकानाचा टेम्पो चालवायचा, लोकांच्या घरी गाद्या आणि कपाटं पोचवायचा. जन्माचा अबोल. "बरं," एवढंच म्हणाला.

जवळच्या मैदानावर एक निवृत्त खेळशिक्षक पळणाऱ्यांचा गट चालवत. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. तिने नाव घातलं. त्याच संध्याकाळी फोनवर सरांचा आठवड्याचा कार्यक्रम आला: मंगळवारी इंटरव्हल, गुरुवारी टेम्पो, रविवारी लांब. खाली सगळ्यांचे अंगठे. ज्याअर्थी सगळ्यांना कळलंय त्याअर्थी विचारणं म्हणजे आपलं अज्ञान चव्हाट्यावर मांडणं, असं वाटून तिनेही अंगठा ठोकून दिला.

आता इंटरव्हल म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! मंगळवारी ती घरी राहिली, पाय वर करून चहा प्यायली आणि मनात म्हणाली, सर भले दिसतात, आठवड्याच्या सुरुवातीलाच विश्रांती देतात. बुधवारी रात्री जेवताना तिने विषय काढला.

"अहो, उद्या सकाळी टेम्पो लागेल."

"काय न्यायचंय?"

"मला."

"कुठे?"

"कुठे नाही. मी पळणार, टेम्पो सोबत. सरांनी सांगितलंय."

नवऱ्याने घास गिळला, थोडा विचार केला. "मागून पळू नकोस, धूर खाशील. फुटपाथच्या बाजूने पळ, मी खिडकी उघडी ठेवतो." मग पुन्हा विचार करून म्हणाला, "तासात दहा म्हणजे काटा दहावर. बस."

कालव्याच्या कडेचा रस्ता सकाळी रिकामा असायचा. टेम्पो पुढे ना मागे, तिच्या खांद्याला खांदा लावून घुरघुरत चाले. ती पुढे सटकायला लागली की नवरा खिडकीतून म्हणे, "काटा दहावर आहे," आणि मागे पडली तरी तेच म्हणे. मध्येच काही विचारायचा. "वीजबिल भरलं?" "भरलं." "माझी ताई काय म्हणाली फोनवर?" "नंतर... सांगते." लांबलचक गाऱ्हाणी सांगण्याइतका श्वास नसायचा, पण दोन शब्दांपुरता असायचा. पहिल्या गुरुवारी ती पुलापर्यंत टिकली. मग पुलाच्या पुढे, मग पाण्याच्या टाकीपर्यंत. नवऱ्याच्या पायालाही सवय झाली. काटा म्हणून हलायचा नाही. संसारात एवढी वर्षं काढली, पण इतक्या गप्पा कधी झाल्या नव्हत्या.

रविवारी ती गटाबरोबर लांब पळायला जाई. मंगळवार-गुरुवारी हिची ड्यूटी असेल, असं सर समजून होते. सगळं असंच चाललं असतं, पण एका गुरुवारी मैदानावर माती टाकायचं काम निघालं आणि सर सगळा गट घेऊन कालव्याच्या रस्त्याला आले.

समोरून पळणारे पंधरा-वीस जण आणि इकडून गाद्यांनी भरलेला टेम्पो, आणि त्याच्या बाजूला घामाने निथळणारी ही. सरांनी शिट्टी फुंकली. नवऱ्याने टेम्पो थांबवून इंजिन बंद केलं.

"ताई, हे काय?"

"सर, टेम्पो."

क्षणभर कोणाला कळेना. मग एकजण फिस्सकन हसला आणि पाठोपाठ सगळे. "दमलं की गादीची सोयही आहे!" कोणीतरी म्हणालं. सरांनी कसंबसं विचारलं, "आणि मंगळवारी? इंटरव्हलला?"

"तेव्हा मी घरीच असते. विश्रांती."

मग तर दोघेजण रस्त्यातच बसले. सरांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हिचे कान तापले. टेम्पोचं दार उघडून ती आत चढली आणि समोर बघत म्हणाली, "चला घरी. झालं एवढं पुरे."

नवऱ्याने काहीच केलं नाही.

"अहो, चला ना."

"किल्ली सापडत नाही."

किल्ली त्याच्या डोळ्यांसमोर, जिथे असायची तिथे लटकत होती. तिने किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. अख्ख्या आयुष्यात हा माणूस खोटं बोलला नव्हता. तोवर सर डोळे पुसत खिडकीशी आले.

"किती वेगाने चालवता?"

"दहा."

"अख्खा वेळ?"

"अख्खा वेळ. आज टाकीच्याही पुढे गेली असती."

"आणि ताई बोलतात मध्ये?"

"दोन शब्द. तिसरा गिळते."

सरांनी कपाळावर हात मारला. "ताई, उतरा खाली. टेम्पो म्हणजे ही गाडी नव्हे हो, टेम्पो म्हणजे वेग. दम लागेल पण तोंड बंद पडणार नाही असा एक वेग पकडायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. तुम्ही चुकून बरोबर केलंत! मंगळवारचं मात्र चुकलंच. इंटरव्हल म्हणजे एक फेरी जोरात, एक हळू, पुन्हा जोरात, पुन्हा हळू."

"मग मध्यंतरात बसायचं नाही?"

"अजिबात नाही. हळू पळायचं, पण पळायचं. बसलात की पायांना वाटतं सिनेमा संपला."

सर सहज बोलून गेले; तिचं माहेरचं नाव त्यांना काय माहीत! ती मात्र खाली उतरली, बुटाची नाडी घट्ट केली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जा, गाद्यांना उशीर होईल." किल्ली ताबडतोब सापडली.

पुढचे मंगळवार म्हणजे नुसती परवड. पहिल्या जोरातल्या फेरीला ती अशी उधळायची की तिसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. सर ओरडायचे, "शेवटची फेरी याहून जोरात मारायची आहे, थोडं शिल्लक ठेवा!" फेरी संपली की बाजूची हिरवळ तिला हाका मारायची. ती सरांना, हिरवळीला आणि स्वतःच्या नशिबाला मनातल्या मनात शिव्या घालत पाय ओढत राहायची. आणि गंमत अशी, की त्या हळू फेरीच्या अर्ध्यात छाती आपोआप शांत होऊ लागे. जीव जातोय असं वाटतं, पण तो जात नाही, परत येतो, फक्त त्याला यायला वेळ द्यावा लागतो. पन्नास वर्षं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट तिने जीव परत यायच्या जरा आधीच सोडली होती. हे ज्या दिवशी तिला उमगलं त्या दिवशी शेवटची फेरी तिने सगळ्यांत जोरात मारली, आणि मैदानभर सरांची शिट्टी वाजत राहिली.

शर्यतीच्या सकाळी रस्ते गाड्यांना बंद. नवरा टेम्पोसकट चार गल्ल्या पलीकडे अडकला. खिडकी नाही, काटा नाही. पण पायांना दहाचा वेग पाठ झाला होता. सुरुवातीला शेकडो लोक तिला मागे टाकून गेले. तिने जाऊ दिलं. अर्ध्या वाटेतला तो बाक आला. तिने तिकडे पाहिलंही नाही असं म्हणणं खोटं होईल. पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं, आणि पुढे गेली. मग सुरुवातीला सुसाट सुटलेले एकेक भेटू लागले. कोणी चालत होतं, कोणी कमरेवर हात ठेवून उभं होतं. त्यांच्या बाजूने जाताना तिला त्यांची दया आली आणि आनंदही झाला. आनंद जास्त झाला.

शेवटी उड्डाणपुलाचा चढ. मांड्यांत आग, तोंडाला कोरड, छातीत धडधड. थांब, असं अंग म्हणालं. येईल परत, असं ती म्हणाली, मोठ्याने म्हणाली. शेजारच्या माणसाने दचकून पाहिलं. आणि माथ्यावर जीव खरंच परत आला. उतारावर तिने जे काही शिल्लक होतं ते सगळं सोडलं. समोरचं मोठं घड्याळ अजून तासाच्या अलीकडेच होतं. ती रेषा ओलांडून गेली, आणखी दहा पावलं पळाली, आणि मग कठड्याला धरून जी हमसून हमसून रडायला लागली, की औषधपेटी घेऊन एक मुलगी धावत आली.

"काकू, कुठे दुखतंय?"

"कुठे नाही. पूर्ण झालं म्हणून रडतेय."

"मग रडा," मुलगी म्हणाली आणि पाण्याची बाटली ठेवून पुढच्या माणसाकडे गेली.

हुंदके देतच तिने दादाला फोन लावला. तिकडून काळजीचा आवाज आला, "काय झालं गं? शर्यतीला गेलीस का? कुठे बसलीयस? थांब तिथेच, मी गाडी घेऊन येतो."

"बसले नाही रे, दादा. रेषेच्या पलीकडे उभी आहे. तासाच्या आत."

दादा फोन बाजूला करायचंही विसरून वहिनीला ओरडून म्हणाला, "अगं, ऐकलंस का? पोचली! आपली पोचली!" त्याचा आवाज इतका मोठा होता की फोन कानापासून लांब धरावा लागला. ती तरीही ऐकत राहिली, पण त्या वाक्यापुढे 'पण' काही आला नाही.